इथलं बाळ

स्मृतिरोपण प्रयोगशाळेत दुपारी मयुरी कासारने दोन मिनिटं चोरली. बाळंतपणातल्या तापाने तिची स्मृती पुसली गेली होती. तेव्हापासून तिच्या आठवणी संगणकातल्या तिच्या कप्प्यात राहत आणि कानामागच्या चिपमधून मेंदूत उमटत. तिने कप्पा उघडला. नऊ महिन्यांची ओजू डोळ्यांपुढे हसली. तांदळाच्या कण्यांसारखे दोन दात. तेवढ्यात हाक आली, आणि कप्पा न मिटताच तिने विशाखाताईंच्या रोपणाची आज्ञा दिली.

अपघातात सगळं विसरलेल्या विशाखाताई शुद्धीवर आल्या. समोर त्यांची दहा वर्षांची मैथिली, नवी रिबन बांधून.

"आई!"

"तू कोण गं?" त्या म्हणाल्या. "माझी ओजू कुठंय? दोनच दात आलेत हो तिला, भूक लागली असेल."

मैथिली रडायलाही विसरली. डॉ. हर्डीकरबाई धावतच नियंत्रणकक्षात आल्या.

"मयुरी, आठवणीचा पत्ता काय दिला होतास?"

"'इथलं बाळ'. नेहमीचाच. प्रत्येक कप्प्यात मुलांच्या आठवणीचं नाव 'बाळ'च असतं."

"इथलं म्हणजे आज्ञेची फाइल ठेवलीय त्या, पेशंटच्या कप्प्यातलं ना?"

"नाही मॅडम. आज्ञेची फाइल कुठे आहे ते आपली संगणकभाषा बघतच नाही. आज्ञा देणारा ज्या कप्प्यात उभा असतो, तिथून मोजते. म्हणून तर आधी पेशंटच्या कप्प्यात शिरायचं, मग आज्ञा द्यायची."

"आणि आज?"

मयुरीने जीभ चावली. "माझ्याच कप्प्यात होते. सॉरी. पण मैथिलीची आठवण शाबूत आहे, अर्ध्या तासात बसवते."

"ओजूची प्रत झाली की ती हलली?"

"हलली. एक आठवण दोन डोक्यांत नाही, हा तुमचाच नियम. आता रुजली, परत निघणार नाही." तिने पडद्यावर आपला कप्पा पाहिला. "पण माझ्या कप्प्यात बाळ कुठून आलं, मॅडम?"

हर्डीकरबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

मयुरीचा फोन वाजला. पाळणाघरातल्या बाई होत्या. "अहो ओजूची आई, बाटलीतलं दूध संपलंय. ऐका, रडून लाल झालीय पोरगी."

"राँग नंबर," मयुरी हळुवारपणे म्हणाली आणि फोन ठेवला. "कुणाचं तरी बाळ भुकेलंय हो."

मग तिची नजर स्वतःच्या कुर्त्यावर गेली. छातीवर दोन ओले डाग पसरत होते.

"मॅडम," ती घाबरून म्हणाली, "हे काय होतंय मला?"