तिसरा बर्थ

गाडीत लाकूडकाम करताना पातळी बघायला पाणसळ लावायची नसते. घरात ठीक आहे, घराची जमीन जागची हलत नाही. गाडी आज सपाटीवर, उद्या उतारावर. म्हणून प्रत्येक माप गाडीच्या तळावरून घ्यायचं, काटकोनाचा गुण्या लावून, आणि बाहेरच्या जगाला विसरायचं. बावीस वर्षं मी गाड्यांच्या पोटात घरं बसवते आहे, आणि नव्या सुताराला पहिल्या दिवशी हेच सांगते. मग ताईच्या गाडीला मी स्वतःच पाणसळ का लावली? कारण ओट्यावर ठेवलेली पेन्सिल गडगडत डावीकडे गेली.

थांबा, नीट सांगते.

माझ्या भाऊजींनी बत्तीस वर्षं ट्रक चालवले, आणि ताईने बत्तीस वर्षं खिडकीशी बसून त्यांची वाट बघितली. मागच्या वर्षी भाऊजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बेतानं गाडी चालवा, पण एकदम दचकाल असं काही नको. यावर या पठ्ठ्याने काय करावं? आत झोपायची-रांधायची सोय असलेली जुनी गाडी विकत आणली. "आता हिला जग दाखवतो," म्हणाले. साठीची बाई, पण ताई लाजली की हो!

आतून नवी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी निघायचं ठरलं होतं, हातात तीन आठवडे होते. मला दोन पुरतात.

गाडीत तीन बर्थ होते. मागे दोन शेजारी-शेजारी, आणि तिसरा अरुंद, डाव्या भिंतीला साखळ्यांवर टांगलेला. दोन फूट रुंद फळी. मधोमध ती इतकी गुळगुळीत झाली होती की हात फिरवला तर थंड लागायची.

"हा काढून टाक," ताई म्हणाली. "दोघांच्या संसारात तिसरा बर्थ कशाला? तिथे मला खणांचा ओटा दे."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांपासूनच तर पळतोय ना गं, धाकटे!"

मी बर्थ काढला. लाकूड अस्सल, टाकवेना. माझ्या कारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. त्या जागी ओटा बसवला, खण सरकवून बघितले, खिशातली पेन्सिल वर ठेवली, आणि ती गडगडली.

गाडी स्प्रिंगांवर उभी असते. माणूस चढला की ती बोटभर बसते, उतरला की उठते. आत पाठमोरी काम करत असले तरी दारात कोण चढलं ते मला त्या बसण्यावरून कळतं. वजनदार ताई, बेताचे भाऊजी. तर मी खाली उतरले. माझ्या बाजूने गाडी उठली. पाणसळ लावून बघितली: डावी बाजू होती तशीच, दोन बोटं खाली.

टायर बघितले. पाट्याच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. मिस्त्री दोन तास गाडीखाली आडवा पडला होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "स्प्रिंगा नव्याकोऱ्या आहेत, पण डावीकडे सामान जास्त झालंय." मी ओटाच काढला. रिकामी गाडी तशीच कललेली.

शुक्रवारी भाऊजी चक्कर मारायला घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले. चेहरा पांढराफटक. ताईने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"मेहुणीबाई, हा माल नाही," ते हळूच मला म्हणाले. "माल कसा, वळण सुरू झालं की मग सरकतो. हे वळणाच्या आधीच झुकतं. पुढचा रस्ता दिसत असल्यासारखं."

"अहो, जुनी गाडी आहे."

"बत्तीस वर्षं चालवल्यात जुन्या गाड्या. आज दरीच्या कडेला स्टिअरिंग आवरलं नाही मला."

गाडीसाठी शिवलेले निळे पडदे ताईच्या मांडीवर होते, त्यांची घडी ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. बत्तीस वर्षांनी बाई उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणार, आणि माझ्या हातून आलेली गाडी तिला दरीत नेणार? बावीस वर्षांत माझी एक फळी कधी करकरली नाही. मी म्हटलं, "ताई, रविवारी सकाळी ये. गाडी सरळ उभी असेल. माझा शब्द."

शनिवारी दुपारी कारखान्यासमोरच्या वजनकाट्यावर गाडी उभी केली. आत काही नव्हतं. ओटा नाही, गाद्या नाहीत, पाण्याची टाकीही कोरडी. मी उतरून खिडकीशी गेले. काटेवाला पेपर वाचत होता. त्याने काट्याच्या आकड्यांच्या पडद्याकडे बघितलं.

"बाई, आतल्या माणसाला उतरवा. मग घेतो."

"आत कोणी नाहीये."

"मस्करी करता का?" त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. सामान आकडा धरून बसतं. जिवंत काही असलं की शेवटचा आकडा नाचतो. म्हैस असो की माणूस. श्वास घेतात ना."

शेवटचा आकडा वर जात होता, खाली येत होता. सावकाश. आणि वजन गाडीच्या कागदपत्रांवरच्यापेक्षा साठ किलोने जास्त.

मी जाऊन दार सताड उघडून दाखवलं. काटेवाल्याने खिडकीतूनच वाकून बघितलं. मग पेपरची घडी घातली आणि पावती न फाडता म्हणाला, "घेऊन जा गाडी."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? गाडी कारखान्यात उभी केली, ओटा आणि गाद्या परत बसवल्या आणि सरळ घरी गेले. घरी मी एकटी. एक खोली, एक खिडकी, एक पलंग. पलंगावर पडून विचार केला, आणि माझ्या विचारांची एक गंमत आहे, कशाचाही विचार केला तरी शेवटी तो सुतारकामावरच येतो. कोणाची तरी झोपायची जागा मी काढली होती. मग तक्रार होणारच. दुसरी जागा करून दिली की झालं.

रविवारी उजाडताच कारखाना उघडला. तो बर्थ उचलला, माझ्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीला त्याच साखळ्यांवर टांगला. गादी घातली, धुतलेली चादर ताणून बसवली. मग गाडीचं मागचं दार उघडून उभी राहिले.

"हे बघ," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचाच निघाला, गिऱ्हाइकाशी बोलायचा. "तू कोण असशील ते अस. माझी बहीण पहिल्यांदाच घराबाहेर पडतेय. तिच्या संसारात मध्ये पडू नकोस. जागा हवी ना? मी देते. उतर, आणि माझ्याबरोबर चल."

काही झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली.

मग गाडीची डावी बाजू उठली. सावकाश, सांभाळून, म्हातारं माणूस उतरताना उठते तशी.

मी ओट्यावर पेन्सिल ठेवली. ती जागची हलली नाही.

नऊ वाजता ताई-भाऊजी आले. मी भाऊजींना गाडी घेऊन आधी काट्यावर नेलं आणि गाडीतून उतरवलं. काटेवाल्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"गप बसलाय आकडा," तो म्हणाला.

भाऊजींनी चौकातून दोन फेऱ्या मारल्या आणि हसत परत आले. ताईने निळे पडदे लावले, एकदा उघडले, एकदा बंद केले, आणि लहान मुलीसारखी माझ्या गळ्यात पडून रडली. "धाकटे, तुझे उपकार कसे फेडू गं?" मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर, तेवढं पुरे." वळणावर गाडी अगदी सरळ गेली, जराही न झुकता. मी उभी राहून बघितलं. छाती अभिमानाने भरून आली होती.

कारखान्यात परत आले. बर्थपाशी गेले. चादरीला एक सुरकुती नव्हती.

गेलं वाटतं, मी मनाशी म्हटलं. सुटलो बाबा सगळेच.

शटर ओढलं, कुलूप लावलं. स्कूटर स्टँडवरून काढली आणि बसले. माझ्या वजनाने ती नेहमीएवढी खाली गेली.

किल्ली फिरवली.

मागे बसणाऱ्याची पाय ठेवायची पट्टी टक् करून उघडली. स्कूटर आणखी बोटभर बसली.

मी थोडी पुढे सरकले.