अर्धा शिक्का

हे घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण थट्टा करू नका. मोनाली माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिची झोप उडाली आहे.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. नागपुरातलं एक वन संशोधन केंद्र. इंग्रजांच्या काळातली कौलारू इमारत, सागवानी खांबांचा व्हरांडा. मोनाली तिथल्या संग्रहालयात नोकरीला.

त्या दिवशी कॉलेजची पोरं आली होती. ऐकणारं कुणी मिळालं की मोनालीच्या तोंडाला कुलूप नसतं. कपाटातला जुना, तोंडावर गोल शिक्का कोरलेला हातोडा काढून ती सांगू लागली. तोडायच्या झाडावर दोन शिक्के मारतात. एक छातीच्या उंचीवर, एक बुंध्याशी. दोन्ही पडले की झाड करवतीचं.

आणि दाखवायला म्हणून तिनं व्हरांड्याच्या खांबावर एक हाणला.

ठक.

गोल शिक्का उमटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खालचा मारायचा राहूनच गेला.

पोरं गेली. लाइट गेली. पंखा थांबला. कावळासुद्धा ओरडेना.

मोनालीनं सहज खांबाकडे पाहिलं…

शिक्का नव्हता.

तिनं हात फिरवला. लाकूड गुळगुळीत.

तेवढ्यात आईचा फोन आला, धंतोलीच्या दवाखान्यातून. वडिलांना दम्यासाठी तिथं भरती केलं होतं.

“मोना, लवकर ये वं! बापूजीच्या छातीवर काहीतरी उमटलं हाये. गोल…”

बापूजी निवृत्त वनरक्षक. सारा जन्म जंगलात गेलेला. लेक दिसताच ते म्हणाले, “खालचा मारला काय?”

“नाही बापूजी. पोरायले नुसतं दाखवून राहिली होती मी.”

“अर्धा सोडत नसते वं! तो जागा शोधत फिरते. जा, त्याच खांबाले खालचा मार. मले सोडंल तो.”

ती धावतच परत आली. खांबापाशी गुडघे टेकले. हातोडा उचलला.

ठक.

खांबाच्या आतून कुणीतरी खोकलं…

बापूजींचा खोकला. लहानपणापासून ऐकलेला.

बापूजी बरे होऊन घरी आले. छातीवरचा शिक्का मात्र गेला नाही. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी असेल. आता खालचा शिक्का खांबावर आहे आणि वरचा बापूजींवर.

त्या खांबाला यंदा वाळवी लागली. तो कापून नवा बसवायचं ठरलंय. मोनालीनं साहेबांच्या हातापाया पडून पाहिलं. साहेब हसले. घरी तिनं यातलं अवाक्षर काढलेलं नाही.

तरी बापूजी रोज संध्याकाळी विचारतात, “करवत आली काय वं?”

आज दुपारी तिचा फोन आला. करवत उद्या येणार आहे.

आणि बापूजी सकाळपासून दारात ताठ उभे आहेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.