श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा अंगद

मेलेला माणूस सकाळी सकाळी दुकानात आला, आणि आत येण्याआधी त्यानं चपला बाहेर काढल्या.

तेजश्रीचा हात माऊसवर तसाच राहिला. घटकेपूर्वीच तर… काळीपिवळी जीपमधून कामाला येताना लिंबागणेशच्या फाट्यावर तिनं हाच चेहरा पाहिला होता. भल्यामोठ्या बॅनरवर, झेंडूच्या हारात. वर ठळक अक्षरं — भावपूर्ण श्रद्धांजली. गाडी भर्रकन पुढं गेली, खालचं नाव वाचायचं राहूनच गेलं. पण चेहरा तिनं ओळखला. कालच तर या पोराच्या वाढदिवसाचा बॅनर तिनं बनवला होता! वाढदिवसालाच गेला बिचारा? दुकानाचं गाव मांजरसुंबा येईपर्यंत ती ओढणीत तोंड लपवून रडत होती. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "कोण होतं गं तुझं?"

आणि आता तो समोर उभा. गालावरच्या खळीसकट.

"बॅनर बनविणाऱ्या मॅडम तुमीच का?"

"तुमी… तुमी गेलता ना?"

"कुठं?"

तिनं बोट वर आभाळाकडं केलं.

तो खो-खो हसला. "न्हाई बा. अजून हाय. पण सकाळपासून सगळ्यांना हेच सांगत फिरतोय. आत्या बीडहून रडत आली, मला अंगणात चहा पिताना बघितलं अन् तिथंच चक्कर येऊन पडली. मी अंगद. मोहनरावांचा पुतण्या. त्या बॅनरवर फोटो माझा हाय अन् नाव कैलासवासी अजिनाथ आबांचं."

तेजश्रीला कालचा दुसरा बॅनर आठवला. फोटो याचा तिकडं गेला, तर… "आबांचा फोटो कुठं गेला?" तिनं विचारलं.

"चौकात," अंगद हळूच म्हणाला. "आबा चौकात हायत. फुग्यांमधी. 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.'"



फोटो सजवायचं जे सॉफ्टवेअर दुकानात होतं, त्यात आपला इफेक्ट आपण लिहायची सोय होती. बीडच्या कॉलेजात शिकलेलं प्रोग्रामिंग तेजश्रीनं तिथं कामाला लावलं होतं. फोटो दिला की चेहरा आपोआप गोलात बसायचा, कडा विरघळायच्या, मागं सोनेरी उजेड पडायचा. वाढदिवसाला फुगे, श्रद्धांजलीला हार. कालचे दोन्ही बॅनर तिनं त्यावरच केले होते. पडद्यावर चेहरे अगदी बरोबर दिसले, म्हणून छापायची मोठी फाईल तिनं उघडूनही बघितली नाही. बांधणारे गडी परगावचे. त्यांना ना अंगद ठाऊक, ना आबा.

मालक पंडितशेठ तोवर आतून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "पोरी, तुझा तो इफेक्ट काढून टाक आधी. अन् उद्यापासून तू बी येऊ नको."

तेजश्रीचा बाप गहिनीनाथ मेंढरं राखायचा. त्या घरातली खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. पण त्या क्षणी तिला नोकरी आठवली नाही. आठवली आबांच्या घरातली माणसं. ती उठली.

"मी आधी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून येते."

"मारतील तुला," पंडितशेठ म्हणाले.

"मी येतो संगं," अंगद म्हणाला. "मला कोण मारतंय? मी तर आधीच मेलोय."

तशा अवस्थेतही तिला हसू फुटलं, आणि आपण हसलो याचाच तिला धक्का बसला.

अंगदच्या मोटारसायकलवर मागं ती अंग चोरून बसली. फाट्यापाशी येताच त्यानं गाडी हळू केली, स्वतःच्या बॅनरकडं मान वर करून पाहिलं.

"फोटो मात्र झकास सजवलाय बरं का तुमी. जिवंतपणी मी एवढा कदी चमकलो न्हाई."

"गप बसा हो… मी तुमच्यासाठी रडलेय गाडीत." शब्द तोंडातून निसटले, आणि तिनं जीभ चावली.

अंगदनं फाटा मागं टाकला. मग म्हणाला, "मला न ओळखता?"

ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. वारा जोराचा होता म्हणून बरं झालं.

आबांच्या दारात माणसं बसली होती. तेजश्रीनं हात जोडून "चूक माझी हाय" म्हणताच आबांचा मुलगा म्हाळू ताडकन उठला. "माझ्या बापाचा तमाशा केला चौकात! फुगे लावले मेलेल्या माणसाला!" तो अंगावर धावून आला. अंगद मधे शिरला. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला.

"थांब रं म्हाळू."

छबुबाई, आबांची बायको, भिंतीला धरून बाहेर आली. तिनं तेजश्रीला आपादमस्तक पाहिलं. आता शिव्या पडणार म्हणून तेजश्रीनं डोळे मिटून घेतले.

"तुझ्या बापाचा वाढदिवस कवा केला आपण?" म्हातारी मुलाला विचारत होती. "कोन्या साली जन्मला, ते त्याला सोताला म्हाईत नव्हतं. लेकरांचे केले, नातवांचे केले. त्याला कुणी म्हणलं का, आबा, तुमचा बी असंल की एक दिवस?"

म्हाळू मागं सरून खाली बसला. 

"मला दाखवून आणा तो बॅनर," छबुबाई म्हणाली. "फुगे कसे दिसतेत त्याच्याभवती, ते बघायचंय मला. अन् दहाव्यापत्तर काढू नका."

तेजश्रीला हुंदका आवरेना. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. वर पाहिलं तर अंगद. त्याचेही डोळे भरलेले.

दुपारी दोघं दुकानात परतले. म्हातारीचं बोलणं ऐकून पंडितशेठचा आवाज खाली आला, पण अट राहिली — "बिघाड सापडला तर खुर्ची तुझी. न्हाईतर न्हाई."

ती कोड उघडून बसली. अंगद शेजारच्या स्टुलावर.

"तुमचं काय काम इथं?"

"बिघाडात मी हाय म्हणल्यावर दुरुस्तीत नको का?"

तिनं आधी अंगदचा फोटो चालवला, मग आबांचा. पडद्यावर आबा दिसले. मोठी फाईल काढली, तर अंगद! पुन्हा केलं. पुन्हा अंगद. मग तिच्या ध्यानात आलं, की वेळ वाचावा म्हणून इफेक्ट आधीचा फोटो मनात साठवून ठेवायचा, आणि छापायच्या वेळी नव्याऐवजी तोच पुढं करायचा. काल तिनं दोन्ही फोटो आधी पडद्यावर बघून मग फाईली काढल्या होत्या, म्हणून अदलाबदल झाली. चाचणी घेताना ती दरवेळी सॉफ्टवेअर बंद करून उघडायची, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

तिनं ओळ बदलली, फाईल काढली आणि किंचाळलीच. कपाळ अंगदचं, खाली मिशा आबांच्या!

"आयला!" अंगद स्टुलावरून उठला. "हे कावून असं?"

"कॉम्प्युटर फोटोचे पट्टे पाडतो अन् एकाच वेळी सगळ्यांवर काम करतो. एका पट्ट्यापत्तर निरोप पोचला, दुसऱ्याला न्हाई." ती पुटपुटत होती. "कुठलाच पट्टा सुरू व्हायच्या आधी जुना फोटो पुसायला पाहिजे."

"म्हंजे मला पुसणार?"

"हो."

"एवढ्यासाठी रडलात व्हय?"

तिनं रागानं बघायचं ठरवलं होतं, पण नजर खळीवर जाऊन अडकली. तिनं घाईनं मान वळवली, ओळ जागेवर नेली, फाईल काढली. मिशा, कपाळ, फेटा… सगळे आबाच. पुन्हा केलं. आबाच. पंडितशेठनं तिच्यापुढं चहा ठेवला.

त्यानंतर अंगदला फोटोचं भलतंच वेड लागलं. कधी बैलाचा फोटो घेऊन यायचा, कधी नव्या पाईपलाईनचा. "ह्याला जरा उजेड द्या." तेजश्री म्हणायची, "पाईपलाईनला उजेड कशाला?" आणि तरी द्यायची. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून वाहायला लागला, ज्वारी हुरड्याला आली, तेव्हा तो एका संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. घरी सोडतो म्हणाला. वाटेत ओढ्यापाशी त्यानं गाडी थांबवली.

"घरात माझ्यासाठी पोरी बघतेत… मी तुमचं नाव सांगितलं."

ती गाडीवरून उतरली. "मला न विचारता?"

"चुकलंच. म्हणून तर आता…"

"अन् काय म्हणले?"

"काका म्हणले, आपल्या रानात खतासाठी ज्यांची मेंढरं बसतेत, त्यांच्या घरात सोयरीक? तवापासून बोलत न्हाईत माझ्याशी. आई म्हणली, पोरगी आण, मला बघू दे… तेजश्री, तुमी…"

मेंढरांचा कालवा झाला. वळणावरून कळप रस्त्यावर उतरला, आणि त्यामागून खांद्यावर घोंगडी टाकलेला गहिनीनाथ. तिचा बाप. त्यानं पोरीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं.

"मोहनरावांचा पुतण्या न्हवं का तू? इथं काय करतो?"

अंगदचं तोंड उघडं राहिलं. एक शब्द फुटेना. श्रद्धांजलीच्या बॅनरवर हसणारा माणूस पांढराफटक पडला.

"आप्पा," तेजश्रीच्या तोंडून निघालं, "मला ह्यांच्याशी लगीन करायचंय."

आपला आवाज आपणच ऐकून ती गारठली. अंगद तिच्याकडं बघतच राहिला. गहिनीनाथची काठी जमिनीवर टेकलेली तशीच राहिली.

"ह्याला बोलता येत न्हाई का?" बापानं शेवटी विचारलं.

"येतंय, मामा," अंगद पुढं होत म्हणाला. "मला बी करायचंय. काकांचा राग हाय. त्यांच्या रानाचं मी सांगू शकत न्हाई. माझ्या वाटणीच्या रानात तुमची मेंढरं बसतील."

"रानासाठी पोरगी देणार न्हाई मी."

"पोरगी न्हाई दिली तरी मेंढरं बसतील."

गहिनीनाथनं त्याला खालवर न्याहाळलं. मग खाकेतलं कोकरू काढून त्यानं अंगदच्या हातात दिलं. "धर. पाय दुखावलाय त्याचा. घरी चल. तिच्या मायला काय म्हणायचं ते म्हणू दे, मग बघू." आणि मेंढरांना हाळी देत तो पुढं निघाला.

अंगद गाडी तिथंच सोडून कोकरू छातीशी धरून चालू लागला. धुरळ्यातून तेजश्री त्याच्या बरोबरीनं आली.

"खरंच म्हणलात तुमी ते?" तो कुजबुजला.

"म्हणले."

"पुन्ना म्हणा की एकदा…"

"चला गुमान," ती ओढणीआड हसत म्हणाली, "आप्पाचे कान लई तिखट हायत."