एक पायरी खाली

ओडीलला नर्सिंग होममधून घरी आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चाळीस वर्षांचा संसार. अर्धांगवायूनंतर तिला चाकाची खुर्ची आली आणि झोपायच्या खोलीचं दार पडलं अरुंद. आमच्या लाफायेत गावात अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं. कारपोर्टला, म्हणजे घराला लागून असलेल्या गाडीच्या उघड्या छपराला, भिंती घालून तिथेच खोली काढायची ठरवली.

कारपोर्टची जमीन स्वयंपाकघरापेक्षा एक पायरी खाली असते, रस्त्याकडे उतरती. पाणी घरात शिरू नये म्हणून. काँक्रीट कोण फोडतंय? त्यावरच लाकडी वासे टाकायचे, रस्त्याकडे जाड, घराकडे बारीक, आणि वर प्लायवूड ठोकायचं. ओडीलचा भाऊ अँटवान मदतीला आला. जमीन स्वयंपाकघराच्या बरोबरीला आली. लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मधोमध.

"दाजी, ताईची खुर्ची आता लोण्यावरून जाईल!"

दुसऱ्या सकाळी कॉफीचा कप घेऊन खोलीत शिरलो आणि तोंडावर आपटलो. पायरी होती. आधी होती तेवढीच.

"सकाळी सकाळीच चढवलीत की काय?" अँटवान हसला. मग त्याने स्वतः पाय टाकला. टेप काढून त्याने वाशांची उंची मोजली, छतापर्यंतची मोजली. सगळी मापं चोख. तरी पायरी होतीच.

आम्ही वर आणखी वासे टाकले, आणखी प्लायवूड ठोकलं. सकाळी पुन्हा तीच पायरी.

"मी नाही येणार उद्या. तुम्हीही सोडा हा नाद."

"आणि तिला काय सांगू? तिथेच मर म्हणून?"

तो हत्यारंही न घेता निघून गेला.

मी ओडीलला आणलीच. एका पायरीने काय बिघडतंय? तिरकी फळी टाकून खुर्ची अलगद खाली उतरवली. खिडकीपाशी बसून ती आधी रडली, मग हसली.

"गंबोच्या रश्श्याचा वास येतोय. करपवू नकोस मेल्या!"

मी ढवळायला गेलो. ताट घेऊन परतलो तर फळी खाली पडलेली आणि जमीन कमरेइतकी खोल गेलेली. ओडील मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"क्लोव्हिस, असा उंच काय उभा आहेस?"

मी उडी मारणार होतो.

"नको रे! तूही आलास तर वर कोण राहील?"

मी शिडी आणायला मागच्या अंगणात धावलो.

परत आलो तर खोलीत अँटवान. हत्यारं न्यायला रस्त्याकडच्या दाराने आला होता. जमीन सपाट, स्वयंपाकघराच्या अगदी बरोबरीची. तो पाय आपटून बघत होता.

"जमलं की, दाजी! ताई कुठाय?"

त्याच्या बुटांखालून आवाज आला.

"क्लोव्हिस, वर कोण चालतंय रे?"

आम्ही सगळं प्लायवूड उचकटलं. वासे फेकले. खाली कोरडं काँक्रीट. तेही फोडलं. खाली नुसती माती.

अँटवान आता येत नाही.

मी रोज त्या मातीला कान लावतो. ती एकच विचारते, "खोली झाली का रे? कधी नेतोस घरी?"

मी "उद्या" म्हणतो, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने बाहेर येतो.