बिसरामची घोंगडी

जवळ सरका, बाबू हो. लाकडं अजून आहेत आणि रात्र मोठी आहे. तुम्ही विचारलंत, की ज्या माणसानं गोंदियाच्या बाजारात आयुष्यभर घड्याळं उघडली, ग्रामोफोन उघडले, तो फोटोच्या मशीनला हात का लावत नाही. सांगतो. मधे कोणी हसायचं नाही. हे ज्याच्यावर बेतलं तो माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला होता, आणि यातलं थोडं पाप माझ्याही तोंडून निघालेलं आहे.

शिवलाल त्याचं नाव. बिरसीचा पवार. वाडवडील माळव्यातून आलेले, घरी धानाची चांगली शेती. पण याचं मन बांध्यांत रमलं नाही. नागपुरात राहून फोटो काढायला शिकला आणि माझ्या दुकानाला लागूनच त्यानं आपलं दुकान टाकलं. पुढं कुठून तरी एक जुनी मशीन मिळवली, चालतं चित्र काढायची. घड्याळासारखीच चावीची होती ती. चावी भरायची, खटका दाबायचा, की अर्धा मिनिट आत फिलम सरकत राहायची. मग पुन्हा चावी. तिची स्प्रिंग साफ करायला तो माझ्याकडेच यायचा. तिला पोरीसारखा जपायचा. लग्न झालेलं नव्हतं.

एकोणीसशे अडतीसचा जानेवारी होता. त्या साली असा पाला पडला, दवाचं बर्फच झालं, की लाखोळीचं पीक उभ्याउभ्या करपलं. अशात शिवलालला एक काम आलं. काम साधंच. प्रतापगडाकडं एक मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता, भोजराज. गावाचं नाव घेत नाही, त्या घरचे लोक अजून आहेत. त्याच्याकडं नागपूरचे दोन साहेब बदकांच्या शिकारीला येणार होते. त्या शिकारीची फिलम काढायची, बस्स.

जायच्या आदल्या दिवशी शिवलाल मशीन घेऊन आला. "काका, सकाळी चावी ओढूनच नाई राहिली. दुपारी चांगली चालते."

मी उघडून पाहिली. बिघाड काही नव्हता. मी म्हटलं, "हिवानं तेल घट्ट होते, बावा. फिलमबी कडक होऊन तुटते. तिले गरम ठेव. काही पांघरून घाल. उघडी नको ठेवू."

मी म्हटलं ते एवढंच.

नऊ तारखेला, रविवारी, उजाडायच्या आत ते सगळे तलावावर पोचले. धुकं एवढं, की पलीकडची पाळ दिसत नव्हती. बदकं मधे लव्हाळ्यात बसलेली. हाका घालून ती उठवावीत म्हणून मालगुजारानं गावचे नऊ ढिवर, मासे धरणारे, पाण्यात उतरवले. कमरेइतकं पाणी. कोणाच्या अंगावर कमरेच्या धडोत्याशिवाय काही नाही. त्यात बिसराम नावाचा एक म्हातारा होता. आठ दिवसांच्या तापातून नुकता उठलेला. पाण्यात शिरताना त्यानं आपली घोंगडी घडी करून काठावरच्या मोहाच्या झाडाच्या बुडाशी ठेवली. बाहेर आल्यावर पांघरायला.

शिवलालनं तिथंच तिपाई मांडली होती. चावी भरली, खटका दाबला. मशीन कण्हल्यासारखी चालली आणि थांबली. पुन्हा भरली. पुन्हा थांबली. साहेब बंदुका घेऊन तयार. मालगुजार याच्याकडं बघतोय. शिवलालला माझे शब्द आठवले. पांघरून घाल.

त्यानं ती घोंगडी उचलली आणि मशीनला गुंडाळली. साहेबांना शेकायला ठेवलेली निखाऱ्यांची गोरसी खाली सरकवली. घटकाभरात मशीन सुरळीत फिरू लागली.

बदकं उठली. बंदुका उडाल्या. बिसराम पहिल्यांदा बाहेर आला, तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. त्याच्या अंगातून वाफ निघत होती. शिवलालला ते चित्र आवडलं. पाण्यातून चालत येणारा म्हातारा, मागं ऊन, अंगावर वाफ. त्यानं चार-पाच सेकंद ते टिपलं.

बिसराम जवळ आला. दात वाजत होते. "बाबू... माही घोंगडी देता का जी?"

"थांब ना थोडा," शिवलाल म्हणाला. "मशीन थंडावली तं सारी मेहनत पान्यात जाईन. एक फेरी होऊ दे."

तेवढ्यात मालगुजार ओरडला, "काऊन उभा राहिला रे बिसराम? अजून एक हाका व्हायचा हाय!"

"मालक, हातपाय नाई चालून राहिले."

"पान्यातला मानूस तू. तुले कायचा हिव?"

बिसराम पुन्हा पाण्यात गेला. जाताना त्यानं घोंगडीकडं एकदा पाहिलं. शिवलालकडं नाही, घोंगडीकडं. हे शिवलालनं मला स्वतः सांगितलं.

दुसऱ्यांदा आला तो मोहाला टेकून बसला. मागितलं काहीच नाही. नुसता थडथडत होता. शिवलाल साहेबांना मेलेल्या बदकांबरोबर उभं करत होता. थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं, तर म्हाताऱ्याचं थडथडणं थांबलेलं. शिवलालला बरं वाटलं. म्हणाला, चला, ऊन लागलं, गरमी आली असंल.

बदकं उचलायला म्हणून त्याला हलवायला गेले... तेव्हा कळलं.

मालगुजार म्हणाला, दारू पिऊन आला होता. तो दारू पीत नव्हता. पण मालगुजारानं म्हटलं, म्हणून गावानंही तेच म्हटलं.

शिवलाल गोंदियाला परत आला, मशीन दुकानात ठेवली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की घोंगडी तशीच गुंडाळलेली आहे. त्या रात्री तो माझ्याकडं येऊन लहान मुलासारखा रडला. सल्ला माझा होता. म्हटलं, नेऊन दे बावा त्याच्या घरी. तो हो म्हणाला. पण गेला नाही. लाज वाटत होती. रोज उद्यावर ढकलत राहिला.

मग मुंबईहून फिलम धुऊन आली आणि मालगुजाराचा निरोप आला, की येऊन दाखव, सोयरे जमले आहेत. एकोणतीस जानेवारी, शनिवार. दिवस मावळता शिवलाल गावात पोचला. आधी घोंगडी घेऊन बिसरामच्या घरी गेला.

बिसरामची बायको, धुरपताबाई, दारात जाळं उकलत बसली होती. तिनं घोंगडी ओळखली. हात पुढं केला नाही.

"कायले आनली?"

"त्याची होती, बाई. राहून गेली माह्याकडं."

"त्याची होती ना? मंग त्यालेच दे. मले कायले देता?"

एवढं बोलून ती जाळं उकलू लागली. शिवलाल घोंगडी काखेत मारून मालगुजाराकडं गेला.

ओसरीलगतच्या मोठ्या खोलीत भिंतीला धोतर ताणलं होतं. दाखवायची मशीन हातानं फिरवायची होती, दिवा मोटारीच्या बॅटरीवर. कंदील बाहेर नेले. दारं लावली, हिव आत येऊ नये म्हणून. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला ठाऊक आहे, कारण भिंतीवरचं ते घड्याळ मीच लावून दिलेलं होतं आणि शिवलालनं ते पाहिलं होतं.

चित्र सुरू झालं. तलाव. धुकं. बदकं उठली, तशी बाया-पोरं ओरडली. मालगुजार पडद्यावर स्वतःला पाहून खो खो हसला. मशीनची कट कट चालू होती.

मग बिसराम पाण्यातून बाहेर आला.

पाच सेकंदांचा तुकडा. शिवलालनं मनातल्या मनात मोजले. पाच. सहा. दहा. बिसराम चालतच होता. वीस. फिलम काढायच्या मशीनची चावीसुद्धा अर्ध्याच मिनिटाची. चाळीस. पन्नास.

बिसराम अजून येतच होता.

हसणं थांबलं. म्हाताऱ्याचं अंग पडद्यात मावेना. मग नुसता चेहरा. मग त्यानं हात पुढं केला.

"बंद कर," मालगुजार म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

शिवलालनं हात थांबवला.

पडद्यावरचा बिसराम थांबला नाही.

शिवलालनं बॅटरीची तार ओढून काढली. अंधार झाला. मिट्ट. कोणी हललं नाही...

कट कट कट कट.

"अरे, बंद कर ना मशीन!"

"बंद हाय, मालक."

कट कट कट. आवाज मशीनचा नव्हता. खोलीच्या मधून येत होता. एक पाऊल... थांबणं... एक पाऊल. ओलं. दात वाजत होते कोणाचे तरी.

शिवलालजवळ येऊन ते थांबलं.

गारठा असा, की त्याला श्वास घेववेना. त्यानं काखेतली घोंगडी काढली. दोन्ही हातांवर धरली. पुढं केली. बोलायचं खूप होतं त्याला. तोंडातून एवढंच आलं...

"घे, बाबा."

काही वेळ काहीच नाही.

मग त्याच्या दोन्ही तळव्यांखाली दोन तळवे आले. खालून. हळूच. घोंगडी उचलली गेली. तळवे मात्र तिथंच राहिले. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही.

कोणी तरी दार उघडलं, कंदील आले. जमीन कोरडी होती. शिवलाल तसाच हात पसरून उभा होता. हात रिकामे. घोंगडी सगळ्यांनी शोधली. खोलीत नव्हती, अंगणात नव्हती, धुरपताबाईच्या घरीही नव्हती.

मालगुजाराचं काय झालं म्हणता? काही नाही, बाबू हो. त्याला काही म्हणजे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, की गोंदियाच्या फोटोवाल्यानं हातचलाखी केली. दोन वर्षांनी मुलाचं लग्न केलं, चार गावांना जेवण घातलं. म्हातारा होऊन आपल्या पलंगावर मेला. भुतालासुद्धा कोणाकडं जायचं ते कळतं. ज्याला लाज आहे, त्याच्याकडंच ते जातं. बाकीच्यांचं दार वाजवून उपयोग काय?

शिवलालनं दुकान बंद केलं. बिरसीला परतला. वैशाखात एकदा दुपारी माझ्याकडं आला. मशीन माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "काका, ठेवून घ्या. नाई तं फेकून द्या."

मी विचारलं, "काऊन रे?"

त्याचे हात माझ्या मेजावर पालथे होते, ते त्यानं उलटे केले.

तासन् तास पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे असतात, तसे ते तळवे होते. पांढरे. फुगलेले. सुरकुतलेले. जानेवारीपासून तसेच आहेत, म्हणाला. ऊन लावलं, तेल लावलं, शेकले. फुगवटा उतरत नाही.

मग तो उठला. उठताना मेजावर भार देऊन उठला आणि गेला.

बाहेर गोंदियाचं वैशाखातलं ऊन होतं, बाबू हो. लू चालली होती. मेजाचं लाकूड हाताला चटके देत होतं.

त्या लाकडावर दोन ओले पंजे उमटले होते. मी दुकान बंद करून घरी निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती... तोपर्यंत ते वाळले नव्हते.