सारवलेल्या खोलीतली वही

हरिश्चंद्र मास्तर भाई नेरूरकरांच्या ओटीवर येऊन बसले, तेव्हा त्यांच्या पायांना ओलं शेण लागलेलं होतं. भाई मुंबईच्या पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मालवणात शोधाची कामं करत. पोस्टातला मधू त्यांचा सोबती. मधूच्या डोक्यात उजेड जरा उशिराच पडे.

मास्तरांची वही गेली होती. बारा वर्षं मिळत्याजुळत्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या ते तीत लिहीत होते. कुठला शब्द कुठे शोभतो, कुठे नाही. उद्याच्या आगबोटीने वही छापखान्यात जायची होती आणि मास्तर पुतण्याकडे, कायमचे.

"नक्कल नाही," मास्तर म्हणाले. "ती गेली म्हणजे माझ्यामागे काही उरत नाही."

मास्तरांच्या खोलीला दार एकच. मेज पलीकडच्या भिंतीला. फळीवर एकच कप होता. तो बघून मधूला उगाच वाईट वाटलं. ओल्या जमिनीवर मेजापर्यंत जाऊन परतलेली पावलं एकट्या मास्तरांची, बाजारातून आल्यावर वही बघायला गेले तेव्हाची. आठला ते बाजारात निघाले, तेव्हा वही मेजावर होती आणि शेजारची यशोदा शेणाचं घमेलं घेऊन आत शिरत होती.

मास्तरांच्या शाळेतले शिक्षक सत्यवान यांनी वही दोनदा मागितली होती. नऊला आपण आलो, पण जमीन ओली बघून उंबऱ्यावरूनच फिरलो, असं त्यांनी सांगितलं. मधूला चोर सापडला.

यशोदा विधवा, एकटी. रोज संध्याकाळी मास्तर जोड्या मोठ्याने वाचत आणि ती पायरीवर तांदूळ निवडी. "माका वाचूक येत नाय," ती म्हणाली. "माका वही कित्याक?"

भाईंनी सगळ्यांना पडवीत बसवलं.

"सारवणारी बाई भिंतीकडून मागे सरत दारातून बाहेर पडते. नंतर आत गेलेल्याचं पाऊल उमटणारच. उमटलं ते फक्त मास्तरांचं. म्हणजे वही सारवण्याआधीच उचलली. तेव्हा आत एकटी यशोदा."

"पण तिला वाचता येत नाही," मधू म्हणाला.

"ऐकता येतं."

यशोदा उठली आणि घरच्या तांदळाच्या मडक्यातून वही घेऊन आली. "चुलीत घालूचो धीर झालो नाय. वही गावली नाय तर तुमी जाऊचे नाय, असा वाटला."

मास्तरांनी शेवटचं पान उघडलं. अलोन आणि लोनली. पहिल्यापुढे उदाहरण होतं, दुसऱ्यापुढची ओळ कोरी.

"अलोन म्हणजे जवळ कोण नाय तो," यशोदा खाली बघत म्हणाली. "लोनली म्हणजे कोणतरी जवळ होया वाटता तो. तुमीच सांगितलास."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी मधूला विचारलं, वही रजिस्टर पोस्टाने जाईल का.

"जाईल की. आणि तुम्ही बोटीने?"

भाईंनी कपाळाला हात लावला. मास्तर कोरी ओळ भरायला बसले होते आणि यशोदा पदराने डोळे पुसत पायरीवर टेकली होती.