माहेरचा हिरवा दिवा

अक्षदा सासरहून निघाली तेव्हा तिच्या मनगटावरच्या कड्याचा दिवा लाल होता. पहिल्या बाळंतपणाला माहेरी, डोंगरातल्या हिरडवाडीला येऊन आठवडा झाला नाही तोच तो हिरवा झाला. तिची आई यमुना भांगरे हिनं लेकीला दारोदार फिरवून तिचा हात सगळ्यांना दाखवला. मग विहीणबाईंना फोन लावला.

"तुमच्यात बागाईत हाय, दूधदुभतं हाय, हाकेवर डॉक्टर हाय. तरी पोर लालच. आमच्या नागलीच्या भाकरीनं बघा काय केलं."

"आई, पुरे की," अक्षदा फोन ठेवल्यावर म्हणाली. "त्यांनी काय मला उपाशी ठेवलं नव्हतं."

"तू गप. विहिणीला टोमणा मारायची संधी रोज येती व्हय?"

ते कडं आता राज्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात असायचं. कातडीतून उजेड आत सोडून ते रक्ताचा लालपणा मोजायचं, जोडीला दाब आणि नाडी. दिवा लाल असला की जिवाला धोका. मग बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच, रक्ताची पिशवी तयार ठेवून. हिरवा असला की गावच्या उपकेंद्रात चालेल. सुई नाही, प्रयोगशाळा नाही. कडी आली आणि उपकेंद्राला बोट टोचून रक्त तपासायचं सामान यायचं बंद झालं. यंत्र असताना ते कशाला, असं वर बसलेल्यांचं म्हणणं. त्यांच्या घरच्या बाया अजूनही सुईनंच तपासून घेत होत्या, ती गोष्ट वेगळी.

उपकेंद्रात नलिनी गोडे सिस्टरांनी अक्षदाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत फिकट होतं. पण फिकट पापण्या त्या रोजच बघत होत्या, आणि दिवा तर हिरवा होता.

"सासरी लोहाची इंजेक्शनं घेतलीस ना?"

"सगळी घेतली."

"मग लागू पडली म्हणायची."

"इंजेक्शन नाय, भाकर," यमुना म्हणाली. "हिला खाली पाठवू नका, सिस्टर. माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या."

सिस्टरांनी तालुक्याच्या दवाखान्यात अक्षदासाठी राखलेली खाट सोडून दिली.

मुलगी झाली. भर दुपारी, रडत, धडधाकट. त्यानंतर अक्षदाला रक्त जाऊ लागलं. फार नाही. अंगात रक्त असलेली बाई तेवढं सोसते. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सलाइन लावलं, गाडी बोलावली. गाडी घाट चढत होती तेव्हाच अक्षदाचे हात गार पडायला लागले. "आई, हिला धर," एवढंच ती बोलली. कड्याचा दिवा लाल झाला तेव्हा तिची नाडी सिस्टरांच्या बोटांना लागत नव्हती.

सासरच्या डॉक्टरांनी ती निघण्याआधी सुईनं रक्त तपासलं होतं. तो आकडा त्यांनी मागाहून सिस्टरांना कळवला. एवढं कमी रक्त आठवड्यात भरून येणं शक्यच नव्हतं. मग दिवा हिरवा झाला कसा? सिस्टरांनी थेट डॉ. निखत मुलाणींना फोन लावला. कडं घडवणाऱ्या त्याच. बाळंतपणात मरणाऱ्या बाया वाचवायच्या म्हणून त्यांनी उभी हयात घातली होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कडं बिघडलं नव्हतं, सिस्टर. तुमच्या डोंगरात पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येक बाईचा दिवा लाल यायचा. सगळ्याच लाल, आणि गाड्या मोजक्या. आधी कुणाला उचलायचं? म्हणून यंत्राला शिकवलं, की त्या भागात नेहमीचं काय आहे ते बघ. त्याहून जिचं वाईट, तिलाच लाल दाखव."

"म्हणजे गाड्या वाढवण्याऐवजी आजार कमी केलात. दिव्यापुरता."

"गाड्या माझ्या हातात नव्हत्या. दिवा होता."

"आणि खालची पोर घाट चढून वर आली की?"

"कडं तिला नव्या भागाच्या हिशेबात धरतं. आपोआप." डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. "बाई बाळंतपणाला भाग बदलते, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही कुठं बाळंत झालात, मॅडम?"



"सोलापूरला," डॉक्टर म्हणाल्या. "आईकडे."

सिस्टरांनी फोन ठेवला. शिव्या त्यांना येत होत्या, पण स्वतःला वगळून द्याव्यात अशी एकही सापडेना. फिकट पापणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

त्या यमुनाच्या घरी गेल्या. ओट्यावर बसून ती नातीला वाटीतलं दूध चमच्यानं पाजत होती. दूध ओठांतून गळत होतं, ती पदरानं पुसत होती.

"माझ्याकडं तर बरी झाली हुती ना वो ती?" मान वर न करता तिनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. देवानं नेली म्हणायचं, चहा प्यायचा, उठायचं. पण गावात आणखी पोरी बाळंतपणाला येणार होत्या, आणि त्यांच्या आया अशाच हरखणार होत्या. सिस्टरांनी सगळं सांगितलं. न अडखळता, काही न गाळता, स्वतःची पापणीसुद्धा न लववता. आपण खाट सोडून दिली, हेही.

यमुना रडली नाही. तिनं चमचा वाटीत ठेवला. खालच्या आळीत दोघी-तिघी डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या. दर थोड्या अंतरावर थांबत होत्या, दम खात होत्या, पुन्हा चालत होत्या. यमुना त्यांच्याकडं बघत राहिली.

"म्हंजे खाली हुती तवा ती आजारी हुती," ती सावकाश म्हणाली. "आन् आमच्यात आली, आमच्यासारखीच दिसली, म्हून बरी ठरली."

"हो."

"मंग आमी समद्या कवापासून आजारी हाय, सिस्टर?"